प्रायमरीच्या निकालाची रात्र: जागताय की झोपताय?

नोवीकर (६ ऑगस्ट २०२४, संध्याकाळी ७:१५, मिशिगन)

आज आमच्या मिशिगनमध्ये प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. आठला मतदान संपेल आणि मग आकडे यायला लागतील. मला इथे मत नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे आणि ती रांग माझ्या हयातीत सरकेल असं वाटत नाही, तरी दर निकालाच्या रात्री मी लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन-अडीचपर्यंत बसतो. बायको म्हणते, मत नाही, पैसे लावलेले नाहीत, उमेदवार ओळखीचा नाही, मग तुला मिळतं काय? मला काही धड सांगता आलं नाही म्हणून इथे विचारतोय.

प्रश्न दोन. एक, असं जागणारे इथे अजून कोण आहेत आणि का जागता? सकाळी उठल्यावर तोच निकाल आयता मिळतो की. दोन, रात्री नऊच्या सुमाराला जे पहिले आकडे येतात त्यावरून खरंच काही कळतं का, का नुसती करमणूक?

आज बघण्यासारखं: सिनेटसाठी डेमोक्रॅट्समध्ये एलिसा स्लॉटकिन विरुद्ध हिल हार्पर (हो, तोच टीव्हीवरचा नट), रिपब्लिकनांत माइक रॉजर्स, आणि हाऊसच्या (काँग्रेसचं खालचं सभागृह) १३ नंबरच्या मतदारसंघात आपले श्री ठाणेदार. तिकडे सेंट लुईसला हाऊसच्या जागेसाठी डेमोक्रॅट्समध्येच कोरी बुश विरुद्ध वेस्ली बेल. वॉशिंग्टन राज्यातही आजच आहे.

कोल्हापुरी_रस्सा

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडं पहाटेचे पावणेपाच झालेत, धार काढून येतो आणि मग बसतो निवांत.

अनघा_के

"आपले" श्री ठाणेदार? नोवीकर, तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता का? नोवी त्यात नाही, ट्रॉय नाही, कँटन नाही. डेट्रॉइट शहराचा बराचसा भाग आणि नदीच्या खालच्या अंगाची गावं, असा तो मतदारसंघ आहे आणि तिथे मराठी घरं शोधावी लागतील. त्या लोकांचे रस्ते, शाळा, पाणी हे प्रश्न वेगळेच आहेत. आडनाव मराठी म्हणून आपण नाचायचं हे मला कधीच पटलं नाही.

बेळगावचा_बंड्या

अनघाताई, नाचू द्या की हो. चिकोडीत जन्म, बेळगावात वाढलेला माणूस डेट्रॉइटातून निवडून येतो म्हणजे काय खायचं काम आहे? आमच्या गल्लीत २०२२ ला पेढे वाटलेत. सीमाप्रश्न राहिला तसाच, पण अमेरिकन काँग्रेसमध्ये बेळगाव पोचलं.

अनघा_के

पेढ्यांना विरोध नाही :) पण २०२२ ची ती प्रायमरी आठवा. नऊ उमेदवार, ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं, दुसरे ॲडम हॉलियर २४ च्या आसपास. म्हणजे सत्तरेक टक्के मतं दुसऱ्यांना होती आणि ती फुटली. त्या निकालाने जवळजवळ सात दशकांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये राहिला नाही. त्या शहरात हे किती लागलं असेल? आपण त्या रात्री फक्त नाव बघत होतो.

नोवीकर

मुद्दा मान्य, पण मतं फुटणं हा प्रायमरीचा स्वभावच आहे. तिथे दुसरी फेरी नाही, ज्याला जास्त तो पुढे. आणि त्यांनी एकदा आपटी पण खाल्लीय ना. २०१८ ला गव्हर्नरच्या प्रायमरीत स्वतःचे पैसे ओतून उभे होते, ग्रेचेन व्हिटमर पहिल्या, अब्दुल एल-सय्यद दुसरे आणि ठाणेदार तिसरे. हा माणूस पडून परत उभा राहतो, मला त्याचं कौतुक आहे. आज हॉलियर नाहीयेत, त्यांच्या अर्जावरच्या सह्या कमी भरल्या म्हणून नाव बादच झालं. समोर डेट्रॉइटच्या नगरसेविका मेरी वॉटर्स आहेत.

आठ वाजले. संपलं मतदान. चला.

निशाचर

मी पुण्यात यूएस शिफ्टला, त्यामुळे जागण्याचं पुण्य आपोआप पदरात पडतं. एका स्क्रीनवर तिकिटं, दुसऱ्यावर नकाशा. मॅनेजर कॅन्ससचा आहे, त्यांच्याकडेही आज प्रायमरी, त्यामुळे तो काही बोलत नाही.

आठ वाजून गेले तरी मिशिगनच्या सिनेटबद्दल कोणी काही बोलत का नाहीये पण? एकही चॅनल नाव घेईना.

नोवीकर

नऊपर्यंत घेणार पण नाहीत. वरच्या अंगाला, विस्कॉन्सिनला लागून आमच्या चार काउंट्या आहेत, गोजेबिक, आयर्न, डिकिन्सन आणि मेनॉमिनी. त्यांची घड्याळं एक तास मागे. तिथली केंद्रं बंद होईपर्यंत राज्यभराच्या जागेचा निकाल असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था जाहीर करत नाही. आकडे मात्र दिसायला लागतात.

बीडचा_बाळू

प्रश्न दोनचं उत्तर मी देतो. पहिल्या आकड्यावरून काय कळतं? काहीच कळत नाही. ४ जूनला आमच्या बीडला या म्हणाव. सकाळी आठला टपाली मतं, मग फेऱ्या, दुपारी पंकजाताई पुढं, लोकांनी गुलाल आणला, संध्याकाळी बजरंगबाप्पा सोनवणे पुढं, त्यांच्या लोकांनी आणला, मग परत मागं, परत पुढं. रात्र झाली तरी कोणाला कळेना गुलाल कोणी उधळायचा. शेवटी ६,५५३ मतांनी सोनवणे. माझा चुलता दिवसभर एकच गोष्ट विचारत होता, "कुठल्या पेट्या राहिल्यात ते सांगा". परळी कोणाकडं झुकणार, गेवराई कोणाकडं, हे आमच्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. किती मतांची लीड आहे त्याला महत्त्व नाही, काय मोजायचं राहिलंय त्याला आहे. तुमच्या अमेरिकेत पण हेच असणार, माणसं सगळीकडं सारखीच.

पुणेरी_आजोबा

बाळूराव, तुमच्या चुलत्यांना माझा नमस्कार सांगा. मी शाळामास्तर, मतपत्रिकांच्या काळात मोजणीला बसलेला माणूस. तेव्हा यंत्र नव्हतं. वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र कालवायच्या, मग चिन्हाप्रमाणे वेगळ्या करून गठ्ठे बांधायचे. कालवायच्या कशासाठी, तर कुठल्या वाडीने कोणाला मत दिलं हे कळू नये म्हणून. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडलेली मतपत्रिका आली की दोन्हीकडचे प्रतिनिधी टेबलावर ओणवे होत आणि वाद सुरू. ती मग साहेबांकडे जाई. रात्री दोन वाजता कंदिलाएवढ्या उजेडात "हा शिक्का कमळाच्या जास्त जवळ आहे का हाताच्या" यावर वकिली युक्तिवाद ऐकलेत मी.

बाहेर लोक वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर फळ्याकडे डोळे लावून उभे असत. एक मुलगा खडूने आकडे पुसून नवे लिहायचा. त्याच्या हाताकडे हजार माणसं बघत असायची, असा मान पुढे कोणा संपादकालाही मिळाला नसेल.

नोवीकर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: ती माणसंही मत देऊन मोकळी झालेली होती, फळ्याकडे बघून त्यात काही बदलणार नव्हतं. तरी घरी कोणी जात नसे.

जर्सीची_जया

आजोबा _/\_

मी जागणाऱ्यांपैकी, पण आयोवाने एकदा माझा पार मामा केला. २०२० चा फेब्रुवारी. आयोवाचे कॉकस म्हणजे शाळेच्या जिममध्ये माणसं कोपऱ्याकोपऱ्यात उभी करून मोजायची, ते आकडे पक्षाने एका नव्या ॲपवर मागवले आणि ते ॲप चाललंच नाही. मग फोन करा, तर फोन लागेना. मी रात्री एकपर्यंत शून्य टक्क्याकडे बघत बसले. प्रत्येक उमेदवार येऊन भाषण करून गेला, सगळे थोडेफार जिंकल्यासारखेच बोलले, आकडा एकाकडेही नाही. पहिले अर्धेमुर्धे आकडे आले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी!

आणि त्याच आयोवात २०१२ ला रिपब्लिकनांचं काय झालेलं आठवतंय? त्या रात्री मिट रॉमनी ८ मतांनी जिंकले म्हणून जाहीर झालं, आणि दोनेक आठवड्यांनी पक्की बेरीज आली तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे. पण तोपर्यंत गाडी न्यू हॅम्पशायरला पोचून रॉमनींनी तेही मारलं होतं. सँटोरमना जिंकल्याचं भाषण जिंकल्याच्या रात्री मिळालंच नाही. म्हणून म्हणते, रात्रीच्या निकालाला किंमत असते, तो चुकीचा असला तरी.

कोल्हापुरी_रस्सा

धार झाली. काय म्हणतंय डेट्रॉइट? आमच्या ठाणेदारांना गुलाल का अंगारा?

नोवीकर (रात्री ९:४०)

स्लॉटकिनबाईंचं लगेच झालं, त्यात काही मजा नव्हती. रॉजर्सही. ठाणेदार पुढे आहेत, चांगले पुढे. पण डेट्रॉइटचं पूर्वी असं असायचं की पोस्टाने आलेली मतं सगळ्यात शेवटी यायची आणि मग रात्री उशिरा एकदम मोठा ढीग पडायचा. आज तसं होणार का कोणाला माहीत आहे का? तात्या कुठे आहेत?

अनघा_के

तात्या आज ड्यूटीवर असतील ना केंद्रावर.

निशाचर

सेंट लुईसमध्ये बेल पुढे. हाऊसच्या इतिहासातल्या सगळ्यात महागड्या प्रायमऱ्यांपैकी एक म्हणे. एवढ्या पैशात आमच्याकडे दोन जिल्हा परिषदा येतील, सदस्यांसकट.

तात्या_ट्रॉय (रात्री १०:२०)

आलो एकदाचा घरी. पहाटे सहाला केंद्रावर होतो, सकाळी सात ते रात्री आठ मतदान. आठला जो रांगेत असतो त्याला मत देऊ द्यावंच लागतं. पाय गेलेत पण उत्साह आहे, म्हणून लिहितो.

नोवीकरांचा प्रश्न. पूर्वी आमच्याकडे टपाली मतांना निवडणुकीच्या दिवसाआधी हात लावायला जवळजवळ बंदीच होती, त्यामुळे डेट्रॉइटसारख्या शहरात लाखाच्या घरातली पाकिटं त्याच दिवशी फोडायची, सरळ करायची, यंत्रात घालायची. उशीर होणारच. उशीर झाला की लोकांना वाटतं काहीतरी काळंबेरं चाललंय. आता कायदा बदललाय, मोठ्या गावांना ती आधीपासून यंत्रातून काढायला परवानगी आहे, फक्त बेरीज आठच्या आधी बाहेर काढायची नाही. शिवाय आता नऊ दिवस आधीपासून प्रत्यक्ष जाऊनही मत देता येतं. त्यामुळे आता उलट झालंय, आधीची मतं आधी दिसतात आणि आज केंद्रावर पडलेली मतं नंतर. म्हणजे जुन्या सवयीने "डेट्रॉइट अजून यायचंय" म्हणत बसाल तर फसाल.

आमच्या केंद्राचं सांगतो. मिशिगनमध्ये मतदार पक्षाच्या नावाने नोंदलेला नसतो. एकाच मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, तुम्ही कुठलाही एक निवडा, पण एकच. सिनेटला या पक्षाचा आणि काँग्रेसला त्या पक्षाचा असं केलंत की तो सगळा भाग बाद. आज एक वयस्कर गृहस्थ आले, दोन्हीकडे खुणा केल्या, यंत्राने मतपत्रिका परत ढकलली. मी समजावलं तर म्हणाले, मला दोघंही आवडतात, तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे? नवी मतपत्रिका दिली. पाच मिनिटांनी परत तेच. तिसऱ्यांदा मात्र रागारागाने एकाच रकान्यात भरली. शेवटी संध्याकाळी यंत्रातून लांबलचक पट्टी छापून येते, त्यावर आम्ही सगळे सह्या करतो, आणि सील केलेला डबा घेऊन दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकाच गाडीतून क्लार्कच्या ऑफिसला जातात. आज माझ्या शेजारी कट्टर समोरच्या पक्षाच्या बाई होत्या. वाटेत नातवंडांचे फोटो बघून झाले.

बीडचा_बाळू

एकाच गाडीतून?? दोन पक्षांची माणसं?? आमच्याकडं डब्यामागं दोन पक्षांच्या चार-चार गाड्या असतात आणि गोडाऊनच्या बाहेर तंबू ठोकून पहारा.

तात्या_ट्रॉय

तो पहारा मला तर आवडतो बाळू. कोणाचा कोणावर विश्वास नाही, म्हणून व्यवस्था चालते. इथेही कल्पना तीच आहे, पण एसी आहे.

नोवीकर

ठाणेदार जिंकले. पन्नास टक्क्यांच्या बऱ्यापैकी वर. अनघा, यावेळी मतं फुटून नाही हं.

बेळगावचा_बंड्या

पेढे!!!

अनघा_के

अभिनंदन. यावेळी कमावलं म्हणेन. तरी माझा प्रश्न तिथेच आहे, पण आज पेढा खाते.

सिअ‍ॅटलची_माई

तुमचं संपत आलं, आमचं आत्ता सुरू. इकडे आठ म्हणजे तुमचे अकरा. आणि आमच्या राज्यात तर निकालाची रात्र असं काही नसतंच खरं म्हणजे. मतपत्रिका सगळ्यांना घरपोच, भरायची, पेटीत टाकायची नाहीतर पोस्टात, आज तारखेचा शिक्का असला की पुढच्या आठवड्यात पोचली तरी चालते. आज रात्री फक्त पहिला हप्ता. मग रोज दुपारी थोडे थोडे. पक्षांतर्गत प्रायमरी पण नाही, सगळे पक्ष एकाच यादीत आणि पहिले दोघं नोव्हेंबरला. दोघं एकाच पक्षाचे निघाले तरी चालतं.

म्हणून आज मी बघतेय ती जागा तुमच्या कोणाच्या यादीत नसेल: राज्याच्या सरकारी जमिनींचा आयुक्त. जंगलं, वणवे, लाकूडतोड सगळं त्याच्या हाताखाली. ऑगस्टात आमच्याकडे धुराने आकाश पिवळं होतं तेव्हा हे पद आठवतं. पाच डेमोक्रॅट आणि दोनच रिपब्लिकन उभे आहेत. म्हणजे बघा हिशेब.

सॅन_होजेकर

माई, हीच पहिले दोन पद्धत आमच्याकडे कॅलिफोर्नियात. यावर्षी मार्चमध्ये आमच्या १६ नंबरच्या मतदारसंघात काय झालं ते ऐका. पहिला सॅम लिकार्डो, ठीक. दुसऱ्या जागेसाठी इव्हान लो आणि जो सिमिटियन. काही आठवडे मोजणी चालली, रोज दुपारी आकडे, एक दिवस हा पुढे एक दिवस तो, आणि शेवटी दोघांना बरोब्बर ३०,२४९. एकही इकडे नाही, एकही तिकडे नाही. नियमाप्रमाणे तिघेही नोव्हेंबरला गेले असते. मग फेरमोजणीची मागणी झाली आणि लो ५ मतांनी दुसरे आले. ऑफिसमध्ये माझ्या शेजारचा म्हणाला, मी मतपत्रिका फ्रिजवर लावून ठेवली आणि टाकायची राहिली. त्या दिवसापासून त्याला कोणी चहाला बोलवत नाही.

माई_फॅन

"एसी आहे" ला दंडवत तात्या.

सिअ‍ॅटलची_माई (आमचे ८:३०)

आला पहिला हप्ता. पहिल्या नंबरवर जेमी हेरेरा बुटलर, रिपब्लिकन. दुसऱ्यावर सू कूल पेडरसन, त्याही रिपब्लिकन. डेव्ह अपथग्रोव्ह तिसरे. पाच जणांत मतं वाटली गेली की हे असं होतं. डेमोक्रॅट्सचं राज्य म्हणवणाऱ्या ठिकाणी नोव्हेंबरला त्या पदासाठी त्यांचा एकही उमेदवार नसेल.

नोवीकर

मग झालं की माई. कळला निकाल. झोपा.

सिअ‍ॅटलची_माई

आत्ता कुठे कळला! आमच्याकडे शेवटी येणारी पाकिटं डावीकडे झुकतात. तरुण मुलं आणि सिअ‍ॅटल शहर, दोघंही शेवटच्या दिवशी पेटी शोधत फिरतात. माझी मुलगी आज सात वाजून पन्नास मिनिटांनी पेटीपाशी धावत गेली. बाळूच्या चुलत्यांचंच गणित. मी झोपते, उद्या चारला बघू.

निशाचर (भारतात दुपारचे साडेबारा)

बाजूला ठेवा सगळं. ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अपात्र. शंभर ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून.

कोल्हापुरी_रस्सा

काय?? काल फायनलला गेली ना ती. सुसाकीला हरवून!! आत्ता टीव्ही लावला. काय बोलायचं सुचंना.

जर्सीची_जया

पहाटेचे तीन. नोवीकर तुमच्या धाग्यामुळे जागी होते म्हणून हे सगळ्यात आधी कळलं, आता झोप येणार नाही ती नाहीच. शंभर ग्रॅम हो.

पुणेरी_आजोबा

त्या मुलीने रात्रभर घाम गाळला म्हणतात. आठ मतं, पाच मतं, शंभर ग्रॅम. आजच्या दिवसाला काय झालंय.

कोल्हापुरी_रस्सा

गेल्या आठवड्यात आमच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं तेव्हा सगळं कोल्हापूर रस्त्यावर होतं, आज गल्लीत चिडीचूप. कुस्तीच्या गावाला हे लागतं हो. निवडणूक गेली खड्ड्यात आज.

*(यानंतरचे विनेशबद्दलचे प्रतिसाद क्रीडा विभागातल्या धाग्यावर हलवले आहेत. – व्यवस्थापक)*

जोगेश्वरीकर (८ ऑगस्ट)

उशिरा आलो. सगळा धागा वाचला पण आमची वायव्य मुंबई कोणाला आठवली नाही याचं नवल वाटतं. ४ जून, गोरेगावचं नेस्को. यंत्रातली मतं सगळी मोजून झाल्यावर अमोल कीर्तिकर पुढे. कितीने? एका मताने. साडेचार-साडेचार लाख मतं दोघांना आणि फरक एक. मग टपाली मतं जोडली तर समोरचे रवींद्र वायकर ४८ ने पुढे. बाद ठरवलेल्या टपाली मतांची परत तपासणी, वाद, आरडाओरडा, सगळं होऊन वायकरच ४८ ने. माझ्या घरात एक मत याला, एक त्याला आणि तिसरा माणूस लोणावळ्याला. आता तिसऱ्याला लोणावळ्याचं नाव काढायची बंदी आहे.

तात्या_ट्रॉय

जोगेश्वरीकर, तुमच्याकडे टपाली मतं आधी मोजायला घेतात ना? मग शेवटी कशी?

पुणेरी_आजोबा

सुरुवात आधी करतात, पण संपायला वेळ लागतो, ते सगळं हाताचं काम. पाकिटात पाकीट, घोषणापत्र, सही, शिक्का. यंत्राचं बटण दाबलं की आकडा. त्यामुळे टीव्हीवर "टपाली मतांत अमुक पुढे" सकाळी सव्वाआठला सांगतात ते कशाच्या जोरावर हे एक कोडंच आहे.

सिअ‍ॅटलची_माई (१५ ऑगस्ट)

सगळ्यांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. आणि अपडेट: अपथग्रोव्ह रोज वर सरकताहेत. रोज दुपारी चारला मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करते. आता तर स्वयंसेवक घरोघर फिरताहेत, ज्यांची पाकिटावरची सही नोंदीशी जुळली नाही त्यांच्याकडून ती दुरुस्त करून घ्यायला. आमच्या सोसायटीत एका गुजराती काकांची सही जुळली नव्हती. काका म्हणाले, पाकिटावर केली ती खरी, लायसन्सवरची मी घाईत केली होती.

नोवीकर

माई तुम्ही नऊ दिवस एक रात्र जागताय म्हणायचं.

सिअ‍ॅटलची_माई (सप्टेंबर)

धागा वर काढतेय. हाताने फेरमोजणी होऊन लागला एकदाचा. जवळपास १९ लाख मतं पडली, त्यातली दोघांना प्रत्येकी तीन लाख ९६ हजारांच्या वर, आणि अपथग्रोव्ह दुसरे. कितीने ओळखा. फेरमोजणीच्या आधी ५१ ने पुढे होते. आता ४९.

जोगेश्वरीकर

आमचे ४८! एका मताने आम्ही जास्त थरारक. नोंद घ्यावी.

बीडचा_बाळू

चुलत्याला सांगितलं. म्हणला त्या माईला आपल्याकडं पोलिंग एजंट म्हणून पाठवा.

अनघा_के

नोवीकर, एक मात्र झालं. मी ६ तारखेला इथे भांडायला आले होते आणि महिनाभर एका जमीन आयुक्ताच्या जागेसाठी रोज पान रिफ्रेश करत होते. हेरेरा बुटलर, पेडरसन आणि अपथग्रोव्ह या तिन्ही नावांचं मला काहीही देणंघेणं नाही. तुमच्या बायकोला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

नोवीकर

बायकोने धागा वाचला. म्हणाली माईंचं बरोबर आहे, त्या दुपारी चारला बघतात, रात्री दिवा लावून कोणाची झोप मोडत नाहीत. आता नोव्हेंबरच्या रात्री मी बेसमेंटमध्ये. 

निशाचर

नोव्हेंबरचा धागा कोण काढणार? मी शिफ्ट लावून घेतो. आणि एक सांगा, तेव्हा तुमची घड्याळं बदललेली असतील ना? मग तुमचे रात्रीचे आठ म्हणजे आमचे किती?

तात्या_ट्रॉय

३ नोव्हेंबरला बदलतील, मतदान ५ ला. आमचे आठ म्हणजे तुमचे सकाळचे साडेसहा. मी त्या दिवशी पण केंद्रावर, दहाच्या आत माझी वाट बघू नका.

कोल्हापुरी_रस्सा

साडेसहा म्हणजे धार आटपून आरामात. आपली विधानसभा पण तोंडावर आलीय, दोन्हींचे धागे वेगळे काढा बाबांनो, नाहीतर पेन्सिल्व्हेनियाच्या आकड्यात करवीर शोधत बसावं लागंल.